नळ जरूर तुम्ही बसवा, झिरीतली वायर मात्र नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं वाचण्यात काही चुकलं असेल तर लगेच लक्षात येईल. कोथरूडला १९९४ ची चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर तुमचा टू बीएचके. बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करायचंय. गिझर एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर न्यायचा, ओट्यावर इंडक्शनसाठी पॉइंट हवा, जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे) टाकायचे, वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत हलवायचं. कोटेशनं आवाक्याबाहेरची वाटली. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, हत्यारं हाताळायची सवय आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत प्लंबिंग आणि वायरिंग दोन्ही स्वतः करायचा विचार आहे. हे कायद्यात बसतं का आणि सोसायटी अडवू शकते का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात २६ वर्षं परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून काम करतोय. प्लंबिंग माझा धंदा नाही. पण गेली १८ वर्षं एकाच प्लंबरबरोबर बाथरूमं करतोय, त्यामुळे विजेबद्दल स्वतःच्या हातानं केलेलं सांगेन आणि पाण्याबद्दल त्याच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं.

तुम्हाला जमेल का, याची मला शंका नाही. जमेल. मी वेगळं विचारतो: काम चुकलं तर ते तुम्हाला दिसेल का, आणि कधी? नळाच्या आट्यातून पाणी ठिबकलं तर पाच मिनिटांत दिसतं. टाइलमागचा जॉइंट पाझरला तर पहिला डाग खालच्यांच्या छतावर उमटतो, तोही काही महिन्यांनी. वायरचा जॉइंट ढिला राहिला तर वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा काळं झालेलं असतं. घरमालकाला कोणतं काम करू द्यायचं हे मी याच कसोटीवर ठरवतो. विजेचा नियमही जवळपास तिथेच रेघ ओढतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याचे विनियम आहेत. आधी २०१० चे होते, आता २०२३ चे लागू आहेत. त्यातला आपल्या कामाचा भाग साध्या भाषेत असा: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलणं, म्हणजे जुनं काढून तसंच नवं बसवणं, घरमालकाला करता येतं, अट एवढीच की त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. यापलीकडची भर, फेरबदल किंवा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारानंच करायची, तीही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या (वायरमनच्या) हातून. तुमच्या यादीला हे लावून पाहा. बाथरूमचा दिवा बदलणं, पिवळे पडलेले स्विच बदलणं, पंख्याचा रेग्युलेटर, हे तुम्ही करा. गिझर दुसऱ्या भिंतीवर नेणं म्हणजे नवी लाइन ओढणं. इंडक्शनचा पॉइंट म्हणजे नवा भार. ही दोन्ही कामं तुमची नाहीत, कितीही सोपी दिसली तरी.

मीटर रूममध्ये तर मेन बंद करण्यापलीकडे हात लावू नका. मीटरच्या सीलशी छेडछाड हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचा विषय होऊ शकतो.

नियम तिथेच का थांबतो, ते एका घरातल्या अनुभवावरून सांगतो. सहकारनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये ‘बोर्डाला वास येतो’ म्हणून मला बोलावलं होतं. गिझरच्या स्विचची प्लेट उघडली. मागचा गँग बॉक्स कडेनं तपकिरी झालेला, लाल वायरचं आवरण टर्मिनलपासून चार बोटं मागेपर्यंत कडक झालेलं. वाकवल्यावर अंड्याच्या टरफलासारखं तडकलं. आतलं तांबं काळपट. वायर होती दीड स्क्वेअर एमएमची. आधी तिच्यावर फक्त गिझर होता: २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. ते ठीक चाललं होतं. नंतर त्याच लाइनवर पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन जोडलं, त्याचाही भार साधारण तेवढाच. दोन्ही एकदम लागले की साडेसतरा अँपिअर. मग १६ अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप लाइन तोडणारा खटका) सारखी पडायला लागली, आणि घरातल्या हुशार माणसानं तिच्या जागी ३२ ची बसवली. त्यानंतर ती एकदाही पडली नाही, आणि काम फत्ते झालं असं सगळ्यांना वाटलं.

एमसीबी वायरीला सांभाळायला असते. वायरीला जेवढं पेलवतं त्यापेक्षा मोठी एमसीबी लावली की राखणदारच काढून घेतला असं समजा. एमसीबी बदलणं म्हणजे दोन स्क्रू आणि एक क्लिप, त्यामुळे ‘स्विच बदलण्यासारखंच’ वाटतं. पण १६ च्या जागी ३२ बसवलीत की वायरिंगचं स्वरूप बदललं. कायद्यातल्या त्या एका वाक्याचा अर्थ मला त्या तपकिरी गँग बॉक्समध्ये जितका स्पष्ट दिसला तितका पुस्तकात कधी दिसला नव्हता.

दिव्या-पंख्यांना दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र चार स्क्वेअर एमएम, असं मी टाकतो. गिझरला अडीच चालते, पण पुढे मोठा गिझर आला तर भिंत पुन्हा फोडावी लागू नये म्हणून चार. वायरची लांबी आणि एका पाइपात किती वायरी आहेत यावर हे थोडं बदलतं. तुमचं घर पाहिल्याशिवाय मी यापेक्षा नेमकं सांगणार नाही.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. तुम्ही जीआय पाइप काढून सीपीव्हीसी टाकणार आहात. जुन्या इमारतींमध्ये बऱ्याच ठिकाणी घराचं अर्थिंग (गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) पाण्याच्या जीआय पाइपाला क्लॅम्प करून घेतलेलं असतं. ते तेव्हाही योग्य नव्हतं, पण लोखंडी पाइप जमिनीपर्यंत अखंड जात होता म्हणून कसंबसं चालत होतं. मध्ये एक फूट जरी प्लास्टिकचा पाइप आला की अर्थिंग संपलं, आणि हे कुणालाच कळत नाही, कारण दिवे लागतात, गिझर तापतो, सगळं नेहमीसारखं. सदाशिव पेठेतल्या एका घरी प्लंबरनं उत्तम काम केलं होतं, एक थेंब गळत नव्हता. महिनाभरानं गिझरचं एलिमेंट आतून फुटलं आणि शॉवर सोडल्यावर बाईंना झिणझिण्या आल्या. नशीब चांगलं, त्या पायात चप्पल घालून उभ्या होत्या. मी गेलो तेव्हा जुन्या पाइपाचा क्लॅम्प हिरव्या वायरीसकट भिंतीतल्या तुकड्यावर तसाच होता, आणि तो तुकडा दोन्ही बाजूंनी कापलेला.

म्हणून पहिला पाइप कापण्यापूर्वी तारतंत्र्याला बोलवा आणि अर्थिंग कुठून येतंय हे त्याच्याकडून शोधून घ्या. ते पार्किंगमधल्या अर्थपिटपासून (अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्यापासून) स्वतंत्र वायरीनं किंवा पट्टीनं आलं पाहिजे. पिट गंजला असेल तर ते काम एकट्या तुमचं नाही, सगळ्या इमारतीचं आहे. सोसायटीला लेखी कळवा.

याच्याच जोडीला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाइन तोडणारा खटका. १६ अँपिअरची एमसीबी १६,००० मिलिअँपिअरवर विचार करायला लागते. माणसाच्या जिवाला धोका त्याच्या पाचशेव्या हिश्श्यात सुरू होतो. घरासाठीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लाइन तोडते, म्हणून ती ३० चीच घ्या. १०० ची माणसासाठी नसते. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवली की पहिल्याच दिवशी ती सारखी पडते, कारण दोन लाइनींचा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) कुठेतरी एकत्र केलेला असतो, किंवा कुठल्यातरी बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ चिकटलेले असतात. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘बायपास करा’. कृपा करून करू नका. ती पडते तेव्हा घरातला दोष दाखवत असते. दोष शोधायला आम्हाला कधी अर्धा दिवस लागतो, कधी दोन. ते पैसे द्या. आणि बसवल्यावर तिच्यावरचं ‘टी’चं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

तुमची तीन-चार मोठी उपकरणं धरली (गिझर २०००, इंडक्शन २०००, दीड टनाचा एसी साधारण १७००, पाणी तापवणारं मशीन २०००) तर बेरीज ७७०० वॅट होते, म्हणजे सगळं एकदम चालू झालं तर ३३ अँपिअरच्या वर. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो आजच बघा. तीस वर्षांपूर्वीच्या घरात तो बरेचदा फारच कमी असतो. भार वाढवायला महावितरणकडे अर्ज लागतो आणि त्याला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडतात. मीटरपासून घरापर्यंतची मेन वायर तेवढा भार पेलते का, तेही तेव्हाच तपासून घ्या. हे सगळं टाइल लावण्याच्या आधी. इंडक्शन आल्यावर मेन वायर बदलायची वेळ आलेली घरं मी पाहिलीत. नव्या रंगावर पुन्हा पट्टी मारावी लागते.

आता पाणी. इथे तुम्हाला मोकळीक बरीच जास्त आहे, पण परवानगी कायद्यापेक्षा शेजाऱ्यांकडून जास्त लागते. घरातल्या फिटिंगची डागडुजी, टाइल, ओटा यांना महापालिकेची बांधकाम परवानगी लागत नाही, पण खांब, तुळई, स्लॅब किंवा भारवाहक भिंत यांना हात लावायचा असेल तर विषय वेगळा होतो. महापालिकेच्या नळजोडाला किंवा मुख्य वाहिनीला काही करायचं तर परवानाधारक प्लंबरच हवा. आणि महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावू नका, प्रेशर कितीही कमी असो. ती जप्त होते.

सोसायटी अडवू शकते का? हो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये भर किंवा फेरबदल करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, आणि पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत, तर १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आणि तुमच्या इमारतीचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) लागू होतं. ते काढून वाचा. अर्जात काम काय, किती दिवस, कोणत्या वेळेत, राडारोडा कुठे टाकणार, हे लिहा. राडारोडा घंटागाडीत जात नाही, आणि जिन्याखाली रात्रभर पडला तर दुसऱ्या दिवशी परवानगीच मागे घेतली जाते. उपविधींत आणखी एक गोष्ट आहे जी तुमच्या खिशाशी संबंधित आहे: बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेनं दुरुस्त करायची, तुमच्या टॉयलेटची, सिंकची गळती तुमच्या खर्चानं. म्हणजे खालच्यांचं छत भिजलं तर बिल तुमच्याकडे येणार.

म्हणून बाथरूमच्या जमिनीचं काम स्वतः करू नका, हे मी ठामपणे सांगतो. नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड), कोबा (टाइलखालचा भरावाचा थर), वॉटरप्रूफिंग, उतार या चारही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात आणि चुकल्या तर सगळी जमीन पुन्हा फोडावी लागते. आमचा प्लंबर ड्रेनेजच्या पाइपाला फुटाला पाव इंच उतार देतो. कमी दिला तर मैला थांबतो. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये तीन-चार इंच पाणी तीन दिवस भरून ठेवायचं आणि रोज खालच्यांकडे जाऊन छत बघायचं. त्यांना आधी सांगा, एक दिवस चहाला बोलवा. तीन दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत छत कोरडं राहिलं की पुढच्या दहा वर्षांचे वाद मिटतात. गवंडी म्हणेल ‘साहेब, एक दिवस बास’. ऐकू नका. आणि बाथरूमची ओली जागा थोडीशीही सरकवून खालच्यांच्या बेडरूमच्या डोक्यावर आणू नका.

भिंतीतली सीपीव्हीसी लाइन तुम्ही स्वतः करू शकता, एका अटीवर: प्लास्टर करण्याआधी प्रेशर टेस्ट. पाइप काटकोनात कापायचा, कडेची कीस काढायची, सोल्युशन पाइपाला सगळीकडून सारखं आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचं, बसवताना पाव फेरा द्यायचा आणि हात न हलवता अर्धा मिनिट धरून ठेवायचं. नवखी माणसं जास्त सोल्युशन लावतात. ते आत गोळा होऊन वाट अडवतं. जिथे नळ किंवा अँगल कॉक येतो तिथे पितळी आट्याचंच फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आट्यात पितळी नळ पिळला की तडा जातो, आणि तो टाइलमागे जातो. सगळी टोकं प्लगनं बंद करून प्लंबरकडच्या हातपंपानं १० किलोपर्यंत (म्हणजे साधारण १० बार) प्रेशर चढवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला असेल तर जॉइंट शोधा. जुन्या गंजलेल्या जीआयच्या आट्यावर नवी लाइन जोडायची वेळ आली तर मात्र प्लंबरला बोलवा; तिथे हिसका बसला तर भिंतीतला जुना पाइप तुटतो आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत आख्खी इमारत तुमच्या नावानं शंख करते.

शॉवर घेण्याआधी एक हिशेब करा. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार दाब. चार मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरच्या वर सात-आठ मीटर, म्हणजे पाऊण बारच्या आसपास. दुकानात छान दिसणारा मोठा रेन शॉवर एवढ्या दाबावर नुसता गळतो. दुकानदाराला किमान दाब विचारून मगच घ्या.

गिझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब येणं बरोबर आहे, तापलेलं पाणी फुगतं. ते थेंब त्रासदायक वाटतात म्हणून तिथे प्लग मारतात. टाकी फुटण्याचं ते कारण ठरतं. थेंबांना बारीक नळी लावून ट्रॅपपर्यंत न्या, बंद करू नका.

मग पैसे वाचणार कुठे? मी माझ्या ग्राहकांना सांगतो ते सांगतो. जुन्या टाइल फोडणं, फिटिंग काढणं, माल आणणं, स्विच-दिवे-पंखे बसवणं, नळ आणि बेसिन बसवणं, रंग, हे सगळं तुम्ही करा. वायरी, बोर्ड, एमसीबी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, आणि हार्डवेअरचा माल बोहरी आळीत. तारतंत्र्याकडून लेखी यादी घेऊन जा. वायरवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. झिऱ्याही (वायर-पाइपांसाठी भिंतीत कापायच्या खाचा) तुम्ही मारू शकता: उभ्या, भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नाही, आणि चार इंची भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच जागी तर नाहीच. कटर चालवताना सळई दिसली की थांबा, तो खांब किंवा तुळई आहे.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि फोटोत मेजरिंग टेप उघडून धरा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून. हे काम ठेकेदार कधीच करत नाही आणि घरमालकानं केलं तर पुढे आरसा लावायला भोक पाडताना पाइप फुटत नाही. तुम्ही इंजिनिअर आहात, त्यामुळे हे तुमच्याकडून माझ्यापेक्षा चांगलं होईल.

स्वतः स्विच बदलताना मेन बंद करा, आणि टेस्टर लागला नाही म्हणजे लाइन मेली असं धरू नका. टेस्टरमधला निऑन दिवा गेलेला असू शकतो. आधी चालू लाइनवर टेस्टर लावून खात्री करा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालूवर. मेनच्या खटक्यावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर सासूबाई पंखा बंद पडला म्हणून तो वर करतील.

तारतंत्र्याचा परवाना प्रत्यक्ष बघा. काम संपल्यावर मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) इन्सुलेशन तपासून आकडा लिहून मागा. १ मेगओहमपेक्षा कमी असेल तर वायरिंग ताब्यात घेऊ नका. नव्या वायरिंगचा आकडा याच्या खूप वर असतो.

राहिला प्रश्न ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचा. तिथल्या जाळीचं पाणी कुठे जातं हे आधी शोधा. पुष्कळ इमारतींत ड्राय बाल्कनीचा पाइप पावसाळी लाइनला जोडलेला असतो, आणि साबणाचं पाणी त्यात सोडणं चूक आहे. ते पुढे नाल्यात, नदीत जातं. शोधायची पद्धत सोपी आहे. बादलीभर पाण्यात नीळ घाला. घरातल्या कोणाला तरी खाली ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून उभं करा आणि वरून बादली ओता. निळं पाणी चेंबरमध्ये आलं तर मशीन तिथे खुशाल ठेवा. पावसाळी पाइपातून बाहेर आलं तर मशीन बाथरूममध्येच राहू द्या, किंवा ड्रेनेजच्या उभ्या पाइपापर्यंत स्वतंत्र लाइन न्यायची परवानगी त्याच अर्जात मागा.